गोव्यातील ख्रिस्ती काष्ठमूर्तिकला

गोव्यातील ख्रिस्ती काष्ठमूर्तिकला ही पोर्तुगीज राजवटीच्या काळात (१५१०–१९६१) चर्च, मठ व घरगुती देव्हारे यांसाठी लाकडी मूर्ती, वेदीमागील कोरीव शिल्पपट आणि प्रवचनपीठे घडविणारी कला होय. मूर्तीचा विषय व आराखडा युरोपातून येई, घडविणारे हात मात्र बहुतांशी स्थानिक असत. गोव्याखेरीज वसई, दमण व दीव येथेही ही कला पसरली. त्याच काळात स्पॅनिश सत्तेखालील मेक्सिकोतही अशीच परंपरा वाढली. दोन्हींचे मूळ इबेरियन द्वीपकल्पातील रंगीत लाकडी मूर्तींत आहे.

कारागीर

सोळाव्या शतकात चर्चची संख्या झपाट्याने वाढली. युरोपातून मूर्ती आणणे खर्चाचे होते आणि तेथून येणारे कारागीर थोडे होते. त्यामुळे लाकूडकामात निष्णात असलेल्या स्थानिक हिंदू कारागिरांकडे हे काम आले. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा अन्यधर्मीयांकडून करवून घेण्यास मनाई केली. तरीही ही प्रथा पूर्णपणे थांबली नाही. कारागिरांपुढे नमुना म्हणून बहुधा युरोपीय छापील चित्रे किंवा आयात मूर्ती ठेवल्या जात. मूर्तीवर कारागिराचे नाव घालण्याची रीत नसल्याने बहुतेक मूर्तिकार अज्ञातच राहिले.

घडण

मूर्तीसाठी सागवानासारखे टिकाऊ लाकूड वापरीत. ओले लाकूड पुढे वाळून तडकते, म्हणून ते आधी मुरवावे लागे. मोठी मूर्ती एकाच ओंडक्यातून न काढता धड, हात व पुढे आलेले भाग वेगळे कोरून खुंट्या व सरस यांनी जोडीत. भिंतीला टेकणाऱ्या मूर्तीची पाठ सपाट ठेवीत किंवा आतून पोखरीत. त्याने वजन घटे आणि तडे जाण्याचा धोकाही कमी होई. काही मूर्तींत धड लाकडाचे, तर चेहरा व हात हस्तिदंताचे असत. मिरवणुकीच्या काही मूर्तींचे केवळ चेहरा व हातपाय पूर्ण कोरीत. उरलेला सांगाडा खऱ्या वस्त्रांनी झाकला जाई. मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतात याच गरजेपोटी मक्याच्या ताटांच्या लगद्यापासून हलक्या मूर्ती बनवीत.

रंग व सोने

कोरीवकाम झाल्यावर मूर्तीवर सरस आणि खडू किंवा जिप्सम यांच्या मिश्रणाचे अनेक पातळ थर देत. त्याने लाकडाचे रेषे व सांधे झाकले जात. जेथे सोने द्यायचे तेथे तांबड्या मातीचा मऊ थर देऊन त्यावर सोन्याचा वर्ख बसवीत आणि अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटून चमक आणीत. वस्त्रांची नक्षी काढताना सोन्यावर रंग देऊन तो टोकदार काडीने खरवडीत. खालचे सोने उघडे पडून जरीचे कापड असल्याचा भास होई. चेहरा व हात तैलरंगाने रंगवून त्वचेसारखे तुकतुकीत करीत.

स्थानिक छाप

प्रवचनपीठांना आधार देणाऱ्या नागकन्यांसारख्या आकृती, कमळे आणि दाट पानाफुलांची नक्षी यांतून भारतीय शिल्पपरंपरा स्पष्ट दिसते. काही मूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्या समांतर रेषांत बसविलेल्या असून चेहऱ्यांची ठेवणही येथलीच वाटते. जुने गोवे येथील से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर संत कॅथरीनच्या जीवनातील प्रसंग कोरले असून त्यांवर सोन्याचा मुलामा आहे. बॉम जीझस बॅसिलिकेच्या मुख्य वेदीवर संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती आहे.

जतन

पोर्तुगालने १८३४ मध्ये पुरुषांचे धार्मिक संघ बरखास्त केल्यानंतर गोव्यातील अनेक मठ ओस पडले. काही मूर्ती इतर चर्चमध्ये गेल्या, काही नष्ट झाल्या. राचोल येथील सेमिनरीत १९९४ मध्ये ख्रिस्ती कला संग्रहालय सुरू झाले. ते २००२ मध्ये जुने गोवे येथील सांता मोनिका मठात हलविण्यात आले. तेथे लाकडी मूर्तींचा संग्रह आहे.

कोकणपट्टीतील दमट हवा, वाळवी व लाकूड पोखरणारे किडे हे या मूर्तींचे नेहमीचे शत्रू होत. आणखी एक हानी श्रद्धेपोटी होते. सणापूर्वी मूर्ती ताजी दिसावी म्हणून तिच्यावर बाजारातील चकचकीत रंग चढविला जातो आणि त्याखाली मूळ सोने व त्वचेची छटा दडते. नवा रंग नीट चढावा म्हणून जुना थर खरवडला, तर तो कायमचा जातो. कारागिराचे नाव कोठेही लिहिलेले नसल्याने त्याच्या हाताचा पुरावा याच थरांत शिल्लक असतो. पूजेतील मूर्ती भक्तांपुढे ठेवायची की जुन्या अवस्थेत जपायची, हा प्रश्न म्हणूनच कठीण ठरतो. धूळ हलक्या हाताने काढणे, सुटणारा रंग जागच्या जागी चिकटविणे आणि रंगविण्यापूर्वी तज्ज्ञास दाखविणे, हे उपाय दोन्ही गरजा सांभाळतात.