नागपूरचें ऊन आणि घराचें छत

मुंबईच्या घरांना खाऱ्या वाऱ्याचें भय असतें. त्याबरोबर येणारें मीठ काँक्रीटमध्यें शिरून आंतील सळया गंजवितें. नागपूर समुद्रापासून दूर, तेव्हां येथील घरें निर्धास्त, अशी पुष्कळांची समजूत असते. पण येथील वैरी निराळा आहे. २३ मे २०१३ रोजीं नागपुरांत पारा ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. अशा उन्हांत घातलेल्या स्लॅबचें काय होतें, हें घर बांधणाऱ्या गृहस्थानें जाणून घ्यावें.

काँक्रीट वाळून कठीण होतें, हा समज चुकीचा आहे. चिखल वाळतो, सिमेंटचा मात्र पाण्याशीं रासायनिक संयोग होतो, आणि त्यांतून बनणारे पदार्थ वाळू व गिट्टी यांना जखडून धरतात. हा संयोग पहिले कांहीं दिवस भराभर व पुढें कित्येक महिने मंदपणें चालतो. पाणी संपलें कीं तो थांबतो.

मे महिन्यांतील ऊन व कोरडा वारा स्लॅबच्या पृष्ठभागावरील पाणी झपाट्यानें उडवितात. पृष्ठभाग आकसतो आणि कांहीं तासांतच केसासारख्या भेगा पडतात. मिश्रण घट्ट होऊं लागलें म्हणून कामकरी त्यांत वरून पाणी ओततात, तें तर अधिकच घातक. कारण हें जादा पाणी उडून गेल्यावर मागें सूक्ष्म छिद्रें राहतात.

पावसाळ्यांत याच वाटांनीं ओल व हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु आंत शिरतात. काँक्रीटच्या अंगीं चुन्याच्या निवळीसारखा अल्कधर्म असतो व त्यामुळें सळईवर रक्षक पापुद्रा टिकतो. वायूनें हा धर्म नाहींसा झाला कीं सळई गंजूं लागते. गंजाला लोखंडाहून अधिक जागा लागते. म्हणून काँक्रीट तडकतें आणि एके दिवशीं छताचा पोपडा घरांतील माणसांच्या अंगावर कोसळतो. दोष दिसतो वर्षांनुवर्षांनीं. त्याचें मूळ पुष्कळदां पहिल्या आठवड्यांत असतें.

उपाय खर्चाचा नाहीं. काम पहाटे किंवा सायंकाळीं करावें, गिट्टी सावलींत ठेवावी, ओतलेला स्लॅब लगेच झांकावा. तो घट्ट झाल्यावर मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवावें. खांबांना ओलें गोणपाट गुंडाळावें. उष्ण व कोरड्या हवेंत निदान १० दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असल्यास १४ दिवस ओल राखावी, असें भारतीय मानक सांगतें. सकाळ-संध्याकाळ नुसतें पाणी शिंपडून भागत नाहीं, कारण मधल्या दुपारीं स्लॅब कोरडा पडतो. टँकर विकत आणावा लागला तरी या दिवसांत पाण्याची काटकसर करूं नये. पुढें छत फोडून पुन्हां घालण्याचा खर्च त्याहून फार मोठा असतो.