गोळी सुटली, परवाना कुणाचा?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळच्या राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात एक गोळी सुटली आणि टी-१ वाघीण, म्हणजेच अवनी, ठार झाली. गावांत फटाके फुटले, मिठाई वाटली गेली. शहरांत निषेध झाले. त्या गदारोळात एक प्रश्न मागेच राहिला: ती बंदूक चालवण्याचा अधिकार नेमका कुणाला होता?

गावकऱ्यांचा आनंद निर्दय नव्हता. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात दोन वर्षांत तेरा बळी गेले होते, त्यातले तीन २०१८ च्या एकट्या ऑगस्टमध्ये. कपाशीत एकट्याने पाऊल टाकायची भीती होती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार, माणसांच्या जिवावर उठलेल्या वाघाला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तो निघाला: आधी बेशुद्ध करून पकडा, तेही जमले नाही तरच मारा. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

मोहीम हैदराबादचे शिकारी शफाअत अली खान यांच्याकडे होती. गोळी मात्र त्यांचा मुलगा असगर अली याने झाडली आणि त्या वेळी वडील तिथे नव्हते. वाघीण जीपवर चालून आली, जीव वाचवायला गोळी झाडावी लागली, असे त्याचे म्हणणे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीला ते पटले नाही. गोळी लागली तेव्हा वाघिणीचे तोंड दुसरीकडे होते आणि पशुवैद्यक जागेवर नव्हता, हे समितीने नोंदवलेच. शिवाय शस्त्र कायद्याच्या भंगावरही बोट ठेवले. वाघिणीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांनी या शेवटच्या मुद्द्याकडे फारसे पाहिले नाही. मला तोच सर्वांत गंभीर वाटतो.

कारण आपल्याकडे बंदूक हा मूलभूत हक्क नाही. अमेरिकेने तो १७९१ मध्ये घटनेत घातला. आपल्याकडेही तशी मागणी झाली होती. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा राग मनात असलेल्या काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तशी दुरुस्तीही मांडली. ती मंजूर झाली नाही. अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचा हक्क दिला, तोही विनाशस्त्र. उरला तो परवाना: पोलिसांचा अहवाल आणि अर्जदाराचे कारण तपासून मिळणारा, सार्वजनिक सुरक्षेसाठी नाकारता येणारा, निवडणुकीत बंदूक जमा करायला लावणारा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

याच कायद्याला शेतकऱ्याची आठवण मात्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख स्पष्ट आहे. यवतमाळात डुक्कर आणि रोही एका रात्रीत तुरीचे, सोयाबीनचे काय करतात, हे जागलीला बसणाऱ्याला विचारा. त्याने बंदुकीचा परवाना मागितला तर त्याला गुन्हेगाराच्या नजरेने पाहू नये. अर्जाचा निकाल लवकर लागला नाही, भरपाई रखडली, की कुंपणात विजेची तार सोडली जाते, आणि त्या तारेला डुकराआधी शेजारचा माणूस चिकटतो. पण प्रत्येक मचाणावर बंदूक हाही उपाय नव्हे. अंधारात हललेल्या तुरीवर झाडलेली गोळी माणूस आणि डुक्कर ओळखत नाही.

म्हणून परवाना हा कागदी सोपस्कार नाही. कोणत्या माणसाने, कोणते शस्त्र, कोणत्या कामासाठी वापरायचे, याची ती जबाबदारी आहे. ती बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. जो नियम शेतकऱ्याला लागू, तो सरकारने बोलावलेल्या नेमबाजालाही लागू हवा. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पुढेही शिवारात येतील आणि पुन्हा एखादा आदेश निघेल. त्या दिवशी ग्रामसभांनी वन विभागाकडे आदेशाची प्रत मागावीच, पण सोबत नेमबाजाचे नाव आणि त्याच्या परवान्याची प्रतही मागावी.