चिंचेने घासलेली डबी

तांब्याचं भांडं काळवंडलं की आपला हात आपोआप चिंचेकडे जातो. इंग्लंडला नणंदेकडे गेले होते, तेव्हा नेमकं तेच झालं. हॉलमधल्या फळीवर तपकिरी, काळपट अशी चौकोनी डबी होती. नणंद कामावर गेल्यावर मी ती चिंच-मीठ लावून लख्ख केली. संध्याकाळी ती दारातच थबकली. "अहो वहिनी, शंभर वर्षांचा रंग होता हो तो!" शेजारच्या आजींनी वृद्धाश्रमात जाताना दिलेली डबी ती. नणंद रागावली नाही, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

मग तिने डबी उलटी करून खालचा शिक्का दाखवला. 'केएसआयए', म्हणजे केझिक स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट. उत्तर इंग्लंडमधल्या केझिक गावात धर्मोपदेशक हार्डविक रॉन्स्ली आणि त्यांची पत्नी एडिथ यांनी १८८४ मध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू केले. हिवाळ्यात हाताला काम नसलेल्या माणसांना धातूकाम आणि लाकूडकोरीव शिकवायचं. धातूकाम एडिथबाई स्वतः शिकवायच्या! रॉन्स्लींचं नाव नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांत घेतलं जातं, बाईंचं मात्र मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ही शाळा १९८४ पर्यंत चालली. उन्हाळ्यात शेतात काम नसणाऱ्या बायकांसाठी मी शिवणवर्ग चालवते, त्यामुळे हे सगळं फार जवळचं वाटलं.

यंत्रांच्या स्वस्त मालाला कंटाळून रस्किन, मॉरिस यांच्या विचारांतून तिकडे 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' चळवळ उभी राहिली, त्यातलंच हे काम. कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन गावी तर वादळात होड्या काढता न येणारे कोळी तांबं ठोकायला बसत. म्हणून त्यांच्या डब्यांवर मासे, खेकडे, गलबतं! पत्रा राळेवर ठेवायचा, मागून ठोकून नक्षी उठवायची. पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्यांना हे ठोके ओळखीचे वाटतील.

या डब्या तेव्हा सिगारेटी, पोस्टाची तिकिटं, बारीकसारीक दागिने ठेवायला असत. मैत्रिणींनो, तुमच्याकडे किंवा परदेशातल्या लेकीकडे अशी एखादी डबी असेल, तर ती कपाटात कोंडून ठेवू नका. किल्ल्या, बटणं, सुया-दोरे, सगळं छान राहतं. जुनी पत्रं, फोटो ठेवायचे तर कागदी पाकिटात घालून. लोणचं, चिंचगोळ्या असलं आंबट मात्र मुळीच नको, तांबं कळकतं. आतून लाकडाचं अस्तर असेल तर पाणी लावू नका. आणि पुसायचं ते फक्त कोरड्या मऊ फडक्याने. लिंबू, राख, पावडर काही नाही! त्या रंगानेच डबीचं वय कळतं, आणि जुन्या वस्तू घेणारे किंमतही त्यावरच ठरवतात.

नणंदेने त्या डबीत आता शिवणाची रिळं ठेवली आहेत. मागच्या महिन्यात तिने फोटो पाठवला. कडांना पुन्हा जरा तपकिरी छटा यायला लागली आहे.