लॉसलेसचा हट्ट कुठे धरावा?

ब्लू-रे डिस्कच्या वेष्टनावर ‘डॉल्बी ट्रूएचडी’ किंवा ‘डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ’ असं छापलेलं दिसलं की चंद्रपुरात घरी होम थिएटर बसवणारा हौशी माणूस त्यासाठी जादा पैसे मोजायला तयार होतो. तिकडे वडसा-देसाईगंजच्या परिसरात रात्रभर रंगलेलं झाडीपट्टीचं नाटक मात्र मोबाइलवर टिपलं जातं, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतं आणि त्यात आवाजाचा काही भाग गमावतं. जिथे कानाला फारसा फरक कळत नाही तिथे लॉसलेसचा, म्हणजे काहीही न गाळता साठवलेल्या आवाजाचा, आग्रह आणि जिथे तो हवाच तिथे हयगय, असं आज चाललं आहे.

आधी डिस्कबद्दल. लॉसलेस ट्रॅक लावला की घरचा आवाज आपोआप सुधारतो, अशी समजूत आहे. आकडे पाहिले तर तसं वाटणं साहजिक आहे. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल सेकंदाला ४४८ किलोबिटपर्यंत जातो, ब्लू-रेवरचा ६४० पर्यंत आणि ट्रूएचडी थेट १८ मेगाबिटपर्यंत. पण कॉम्प्रेस केलेल्या आवाजातून गाळलेला भाग सरसकट गाळलेला नसतो. मोठ्या आवाजाखाली दबल्यामुळे माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही, ते आधी काढलं जातं. ६४० किलोबिटला हे काम इतकं नीट होतं की बैठकीच्या खोलीत फरक ओळखणं भल्याभल्यांना जड जातं.

मग एकाच डिस्कवरचे दोन ट्रॅक वेगळे का वाटतात? बहुतेकदा एक थोडा मोठ्याने वाजतो म्हणून. मोठा आवाज कानाला लगेच ‘चांगला’ वाटतो, त्यामुळे पातळी सारखी केल्याशिवाय केलेली तुलना फोल ठरते. शिवाय प्लेअरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल केबल असेल तर ट्रूएचडी त्यातून जातच नाही. प्लेअर गुपचूप डॉल्बी डिजिटल पाठवतो आणि मालक मात्र लॉसलेस ऐकल्याचं समाधान मानतो. माझं स्पष्ट मत असं: पैसे आधी स्पीकरवर आणि खोलीतला घुमारा कमी करण्यावर घालावेत. डिस्कवर लॉसलेस असेल तर उत्तमच, पण केवळ त्यासाठी जुनी डिस्क टाकून नवी घेऊ नये.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ हवंच, हाही असाच एक समज. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत श्रोत्यांना उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर आणून ऐकवलं. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

ध्वनिमुद्रण करताना मात्र सगळं उलटं होतं. एमपी३ काय गाळायचं ते माणसाच्या आजच्या ऐकण्यासाठी ठरवतो, उद्याच्या अभ्यासासाठी नाही. ताडोब्यातल्या रात्रीचा विचार करा. रातकिड्यांचा गजर भरून राहिलेला असतो आणि त्याखाली दूरवरचा रातवा क्षीणपणे बोलत असतो. कॉम्प्रेस करताना अशा दबलेल्या आवाजांनाच आधी कात्री लागते. पक्षी अभ्यासकाला आवाजाचा आलेख काढून नेमकं तेच तपासायचं असतं. वटवाघळांसाठी तर जास्त सॅम्पलिंग खरोखरच लागतं. त्यांच्या बऱ्याच हाका २० किलोहर्ट्झच्या वर असतात आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२ च्या वरचं काही उतरतच नाही.

माणसांच्या आवाजाचंही तेच. भामरागडकडच्या माडिया वस्तीतली रेला गाणी, गावागावातली दंडार, मंडईच्या दिवसांतली नाटकं यांची छापील संहिता अनेकदा नसते. ध्वनिमुद्रण हाच त्यांचा मूळ दस्तऐवज. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पिढीच्या नटांची शब्दफेक, उच्चार, श्वास कुठे घेतला हे पन्नास वर्षांनी कुणाला अभ्यासायचं असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपची क्लिप पुरणार नाही. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयएएसए’ जुन्या ध्वनिफिती डिजिटल करतानाही किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि कॉम्प्रेस न केलेली वेव्ह फाइल असावी असं सांगते.

जागा फार लागते, ही तक्रार आता टिकत नाही. त्या दर्जाचा स्टिरिओ आवाज तासाला जेमतेम एक जीबी घेतो. सहा तासांचं नाटक म्हणजे सव्वासहा जीबी आणि ६४ जीबीच्या कार्डात अशी दहा नाटकं मावतात. २००१ पासून मोफत मिळणाऱ्या ‘फ्लॅक’मध्ये साठवलं तर जागा आणखी बरीच वाचते आणि एकही बिट हरवत नाही.

लॉसलेस म्हणजे चांगलं ध्वनिमुद्रण, असं मात्र नव्हे. माइक जनरेटरशेजारी ठेवला तर जनरेटरच तंतोतंत साठवला जाईल. खलनायकाच्या गर्जनेला आवाज फाटला, तर तो फाटलेलाच राहील. २४ बिटचा खरा उपयोग इथे होतो: पातळी निर्धास्त खाली ठेवता येते आणि नंतर वाढवली तरी हळू बोललेले संवाद खरखरीत बुडत नाहीत.

आणि हाताशी फक्त एमपी३च उरली असेल तर? तिची वेव्ह केली की गेलेलं परत येतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही, फाइल फक्त फुगते. ती एमपी३ आहे तशीच दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपावी, संपादन तिच्या प्रतीवर करावं आणि कुणाला पाठवायची झाल्यास व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी पाठवलेली फाइल पुन्हा कॉम्प्रेस होत नाही.