उमरा : अल्प मुदतीच्या यात्रेची आखणी

मक्केची यात्रा म्हटली की प्रथम हजचे स्मरण होते. हज जिल्हज महिन्यातील ठराविक दिवसांशी बांधलेला असतो. उमरा मात्र ते दिवस वगळता वर्षभरात केव्हाही करता येतो. हनफी व मालिकी पंथांच्या मते तो सुन्नत आहे, तर शाफिई व हंबली पंथ तो आयुष्यातून एकदा अनिवार्य मानतात. उमरा केल्याने हजचे कर्तव्य पूर्ण होत नाही, याविषयी मात्र सर्वांचे एकमत आहे.

उमऱ्याचे विधी चार आहेत. इहराम धारण करणे, काबागृहाला सात प्रदक्षिणा घालणे म्हणजे तवाफ, सफा व मरवा या टेकड्यांमधील सात फेऱ्या म्हणजे सई आणि अखेरीस केस उतरविणे किंवा कापणे. हे सारे काही तासांत आटोपते. तथापि केवळ सईसाठीच सुमारे तीन किलोमीटर चालावे लागते. म्हणून वृद्ध यात्रेकरूने पोहोचताक्षणी विधींना आरंभ करण्याऐवजी आधी विश्रांती घ्यावी, हे श्रेयस्कर. चाकांच्या खुर्चीतून तवाफ व सई करण्याची सोयही तेथे आहे.

आखणीतील खरा कळीचा प्रश्न मीकातीचा आहे. मक्केभोवतीच्या ज्या नियत स्थानांपलीकडे उमऱ्यासाठी जाणाऱ्याने इहरामाविना पाऊल टाकू नये, त्यांना मीकात म्हणतात. मुंबईहून जेद्दाहला जहाजे जात असत, त्या काळी यलमलमच्या समोर आल्यावर यात्रेकरू इहराम धारण करीत. ही सागरी वाहतूक १९९५ साली थांबली. आता विमान ही सीमा आकाशातच ओलांडते. इहरामाची दोन न शिवलेली वस्त्रे मोठ्या सामानात बांधून विमानाच्या पोटात गेली, तर पुरुष यात्रेकरूची मोठीच अडचण होते. इहरामाविना सीमा ओलांडल्यास परत मीकातीवर जावे लागते, अन्यथा प्रायश्चित्त म्हणून पशुबळी द्यावा लागतो. यास्तव वस्त्रे घरी किंवा विमानतळावरच परिधान करावीत आणि संकल्प विमानात, सीमेपूर्वी करावा. स्त्रियांना विशिष्ट वस्त्रांचे बंधन नाही. संकल्प मात्र त्यांनाही करावा लागतो.

ज्यांना हे अवघड वाटते, त्यांच्यासाठी दुसरा क्रम आहे. प्रथम मदिनेस जावे. त्यासाठी इहराम लागत नाही. पुढे मक्केच्या वाटेवर मदिनेलगतच्या जुल-हुलैफा येथे स्नान करून निवांतपणे इहराम धारण करता येतो. तेथून मक्का चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. या दोन नगरांना जोडणारी वेगवान रेल्वे २०१८ साली सुरू झाली. मदिनेची भेट हा उमऱ्याचा भाग नव्हे. परंतु बहुतेक यात्रेकरू तिच्यासाठी दिवस राखून ठेवतात.

ऋतुमानाचाही विचार हवा. रमजानमधील उमऱ्याचे पुण्य थोर मानले जाते, परंतु त्या महिन्यात गर्दी अपार आणि निवास महाग असतो. मासिक धर्माच्या काळात स्त्रियांना तवाफ करता येत नाही. म्हणून परतीच्या तारखेपूर्वी काही दिवस मोकळे ठेवणे शहाणपणाचे.

निघण्यापूर्वी कर्ज फेडावे, दुखावलेल्यांची क्षमा मागावी आणि मागे राहणाऱ्यांच्या निर्वाहाची तजवीज करावी, असा जुना प्रघात आहे. प्रवासाच्या आखणीचा आरंभ खरे तर येथूनच होतो.