तार संपते तिथून पुढे काय?

शेतकरी बंधूंनो, २०२१ पासून पीक पाहणी आपली आपणच मोबाईलवर नोंदवायची आहे. पण डोंगराआडच्या शेतात रेंज शोधताना काय हाल होतात, ते तुम्हालाच ठाऊक!

१९९० च्या दशकात शहरांत आयएसडीएन लाईन आली, तिचा बोलबाला फार. टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेतून ६४ किलोबिटचे दोन मार्ग, जोडले तर १२८. पण एक्स्चेंजपासून पाच-साडेपाच किलोमीटर झाले की गाडी अडली. पाड्यापर्यंत कोण तार नेणार? आज भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायची योजना आहे. पाडे मात्र तिथून पुढे दोन-तीन किलोमीटर विखुरलेले. अडचण जुनीच, फक्त तार बदलली.

वसईकरांनी यासाठी लांब जायला नको. वैतरणेपलीकडे, पालघर तालुक्यातल्या खामलोली परिसरात मुंबईच्या आयआयटीने प्रा. अभय करंदीकर यांच्या पुढाकाराने ‘ग्राममार्ग’ प्रकल्प राबवला. दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ पैकी किमान १२ वाहिन्या देशभर कुठेही मोकळ्या सापडतात, असे त्यांच्या अभ्यासात दिसले. म्हणजे पडीक रानच की! टॉवरवरून या लहरींनी सात गावे-पाडे जोडले. या लहरी झाडाझुडपांतूनही बऱ्यापैकी पार होतात, हा त्यांचा मोठा गुण. अडले ते कागदावर: परवाना चाचणीपुरताच होता.

मग पुढे जिल्ह्यातली २५ गावे जोडताना ५.८ गिगाहर्ट्झचा, परवाना न लागणारा पट्टा वापरला. हा स्वस्त, पण त्याचे एक नखरे आहे: टॉवर आणि घरावरचा अँटेना एकमेकांना दिसले पाहिजेत. मध्ये ताडाची रांग आली की संपले. या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, तुमच्याकडे कुणी असे यंत्र घेऊन आले तर वेग नंतर विचारा. आधी विचारा, वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकेल आणि बॅटरी बदलायचा खर्च कुणाचा? ग्राममार्गात पंचायतीलाच भागीदार करून देखभाल गावातल्या तरुणांकडे देण्याचा विचार होता. तो मला सगळ्यात पटला. पावसाळ्यात अँटेना हलला तर मुंबईहून माणूस यायची वाट बघत बसायचे का? आणि टॉवरची जागा ठरवायची ती झाडांना पालवी असताना. उन्हाळ्यातल्या उघड्या रानात सगळेच सरळ दिसते.