विश्लेषण : पीक हाती येण्याआधीच शेतात पंगत का? वेळ अमावस्येचा अर्थ काय?

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहरात दुपारी फिरले, तर संचारबंदी लागल्याचा भास होतो. बाजारपेठ बंद, रस्ते ओस. गर्दी असते ती शेताकडे जाणाऱ्या वाटांवर. डोक्यावर टोपल्या, आंबिलाची मडकी, दुचाकीवर तिघे-चौघे, मागे पाहुण्यांच्या गाड्या. हा दिवस वेळ अमावस्येचा, बोलीभाषेत येळवशीचा.

सुगीचा सण म्हणून येळवस ओळखली जाते. मात्र या दिवशी रब्बी ज्वारी अजून रानात उभीच असते. काढणी, मळणी, रास सगळे पुढे असते. पीक घरात आलेले नसताना शेतकरी अख्ख्या गोतावळ्याला जेवू का घालतो? सणाचा अर्थ याच प्रश्नात दडलेला आहे.

येळवस कुठे आणि कधी?

लातूर, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांत, तसेच सीमेपलीकडे कर्नाटकातील बिदर, कलबुर्गी, विजयपुरा भागांत हा सण साजरा होतो. कन्नडमध्ये त्याला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. ‘येळवस’ हा शब्द त्यातूनच आला असावा, असा एक तर्क आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत लातूर-धाराशिवचा भाग आणि बिदर-कलबुर्गी एकाच हैदराबाद राज्यात होते. नकाशावर रेषा आली, पण रानातला सण दोन्हीकडे तसाच राहिला.

तारीख मात्र दरवर्षी बदलते. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे २०२४ या एकाच इंग्रजी वर्षात येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. अधिक महिन्यामुळे हा फरक भरून निघतो आणि सण डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य या टप्प्यातच राहतो. ज्वारीसाठी नेमका हाच काळ मोलाचा असतो.

शेतात नेमके काय होते?

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली जाते. आत पाच दगड चुना आणि कावेने रंगवून मांडतात. हे पांडव. त्यांच्यासोबत लक्ष्मीची पूजा होते. नैवेद्याला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, तीळ-शेंगदाण्याच्या पोळ्या आणि ताकात ज्वारीचे पीठ कालवून आंबवलेली आंबील.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वाल, पालेभाज्या असे त्या दिवसांत रानात जे जे हिरवे मिळते, ते एकत्र शिजवून ती होते.

पूजेनंतर कोपीभोवती फेऱ्या मारत आंबील शिंपडली जाते. त्या वेळच्या आरोळीत आजही कन्नड वळणाचे शब्द आहेत, म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ ठाऊक असतोच असे नाही. मग पंगत बसते. दिवस मावळताना पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती फेरी मारण्याची रीतही अनेक गावांत आहे.

उभ्या पिकाची पूजा का?

रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. पाऊस तेव्हा परतीला लागलेला असतो. पुढे हे पीक मुख्यतः काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते. येळवशीच्या सुमारास ते पोटऱ्यात असते, निसवत असते किंवा दाणा भरू लागलेला असतो. कणीस अजून पानाच्या आवरणात असते, तेव्हा शेतकरी ‘ज्वारी पोटऱ्यात आली’ म्हणतो.

गर्भारपणाशी असलेले हे साम्य लोकमनाने कधीच हेरले आहे. काळी आई पोटुशी आहे, तिचे डोहाळे पुरवायचे, या भावनेने नैवेद्य शेतातच नेला जातो आणि त्यातला वाटा मातीलाही दिला जातो. सीमेपलीकडे ‘चरग’ म्हणून चारही दिशांना अन्न टाकण्याची प्रथा आहे, तिच्यामागेही हीच समजूत आहे.

पोंगलमध्ये नव्या तांदळाचा भात सूर्याला अर्पण होतो. तिथे पीक हाती आलेले असते आणि भावना आभाराची असते. येळवशीला आभार मानायला अजून काही पदरात पडलेले नसते. इथून पुढे ढगाळ हवा, कीड, अवकाळी पाऊस असे काहीही येऊ शकते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यातील रब्बीची उभी पिके झोपवली. त्या हंगामाची येळवसही आधीच जेवून झाली होती.

म्हणजे पिकाची हमी घेऊन कुणी जेवू घालत नाही. किती येईल हे मोजण्याआधी वाटायचे, ही या सणाची खरी शिकवण आहे.

अमावस्या अशुभ, मग सण कसा?

अमावस्येला नवे काम नको, ही समजूत सर्वदूर आहे. पण शेतकऱ्याच्या वर्षाकडे पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. बैलांचा पोळा श्रावण अमावस्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला आणि येळवस मार्गशीर्ष अमावस्येला. येळवशीला ‘दर्शवेळा अमावस्या’ असेही म्हणतात. ‘दर्श’ हे अमावस्येचेच जुने नाव असून वैदिक परंपरेत या तिथीला ‘दर्श’ याग होत असे. पितरांच्या स्मरणाचीही हीच तिथी. ज्यांनी जमीन कसून मागे ठेवली त्यांची आठवण आणि ज्वारीच्या पोटात वाढणारा दाणा एकाच दिवशी भेटतात.

वाटसरूलाही आग्रह का?

येळवशीला बांधावरून जाणाऱ्याला न जेवता पुढे जाऊ देत नाहीत. शहरातले सहकारी, भाडेकरू, मुलांचे मित्र यांना आठवणीने बोलावले जाते. अन्नाला ब्रह्म मानणारा विचार तैत्तिरीय उपनिषदात आहे. केवळ स्वतःसाठी रांधणारा पापच खातो, असा आशय गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. यातले काही न वाचलेला शेतकरीही पंगतीतून तेच सांगतो.

अर्थात, ज्याला जमीनच नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न जुना आहे. पूजा शेताची असल्याने यजमानपण जमीनधारकाकडेच राहते. भूमिहीन मजूर आमंत्रणावर अवलंबून असतो. म्हणूनच वर्षभर त्या रानात राबलेल्याला पंगतीत कोणत्या मानाने बसवले, यावरून त्या शेतातल्या येळवशीचे मोल ठरते.

ज्वारी घटली, आता सणाचे काय?

लातूर पट्ट्यात सोयाबीनने खरीप व्यापला आणि रब्बीत हरभरा वाढला. काही ठिकाणी ऊस आला. ज्वारी मागे पडली, तसा कोपीसाठी लागणारा कडबाही अनेकांना शेजाऱ्याकडून मागून आणावा लागतो. वाटण्यांमुळे शेतेही लहान झाली आहेत.

तरीही पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले दिवाळीइतक्याच ओढीने येळवशीला गावी येतात. अनेकांसाठी स्वतःच्या शेतात पाऊल टाकण्याचा हा वर्षातला एकमेव दिवस असतो. वडील त्या दिवशी बांध दाखवतात, विहिरीचे पाणी किती खाली गेले ते सांगतात, यंदा काय पेरले आणि का पेरले ते बोलतात. मडक्यातली आंबील संपेपर्यंत हे बोलणे चालते.